आतोबांची मंडळी

जगात रागावण्यासारखं जे जे काही आहे त्या सगळ्यावर आमचे आतोबा रागावून झाले होते, अपवाद फक्त जंतूंचा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लालबागला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची दीड खोली होती. मालवणकडून मी शिकायला म्हणून आले आणि पुढे शाळेत नोकरी लागली तरी त्याच दीड खोलीत राहिले, त्यामुळे हा राग मी फार जवळून पाहिला आहे. गिरणीचा भोंगा अर्धं मिनिट उशिरा वाजतो म्हणून ते रोज सकाळी हातात घड्याळ घेऊन गॅलरीत उभे राहायचे, आणि भोंगा वाजला की त्याला चार शब्द सुनावून आत यायचे. शिंक आली तर ‘मूर्ख’ म्हणायचे. शिंकेला की स्वतःला ते कधी कळलं नाही. कुणी ‘चालतंय हो’ म्हटलं की त्याची धडगत नसे. चहात साखर जास्त झाली, चालतंय हो. जिन्याची पायरी मोडली, चालतंय हो. या दोन शब्दांवर हा देश बसलाय आणि म्हणूनच तो उठत नाही, असं ते शिंप्याला सांगायचे, वाण्याला सांगायचे, आणि एकदा तर एका मयताच्या घरी तिरडी वेडीवाकडी बांधणाऱ्यांना त्यांनी भर पावसात सांगितलं. ज्याचं माणूस गेलं होतं तो बिचारा डोळे पुसत म्हणाला, ‘काका, सोडा ती सुतळी अन् तुम्हीच बांधा.’ आतोबांनी ती सोडून पुन्हा बांधली, आणि खरं सांगते, इतकी नेटकी तिरडी त्या चाळीने पाहिली नव्हती.

हे सगळं लिहायला बसले याला कारण माझा स्वतःचा राग आहे. आमच्यात रक्ताचं नातं नव्हतं, पण राग मी त्यांच्याकडूनच घेतला असं आत्या म्हणायची. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा मुलगा घरी आला होता. रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, हुशार आहे, मला आवडतो. म्हणाला, ‘आजी, आमच्याकडे एकदम नवीन पद्धत आणलीय. टाकीत बॅक्टेरिया सोडायचे, ते साखर खाऊन अॅसिड करतात, आणि बारीक पडद्यातून ते अॅसिड बाहेर काढत राहायचं. बॅक्टेरिया आतच राहतात, काम चालू.’ मी म्हटलं, ‘बाळा, हे ठाकूरद्वारला एका श्रीखंडवाल्याच्या मागच्या शेडमध्ये आमच्या आतोबांनी केलं होतं, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी.’ तो हसला. म्हाताऱ्या बायका काय काय सांगतात, मोठ्या मनाने ऐकून घ्यावं, असं ते हसणं होतं. माझं डोकं असं सणकलं की त्याच्यासाठी केलेल्या घावनांतला चौथा तव्यावरच करपला. त्या मुलाचा दोष नाही. दोष कुणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि आज ते सांगूनच उठणार आहे.

आतोबा गिरणीच्या रंगखात्यात होते. सूत रंगवायला लागणारी द्रव्यं तपासून पाहायची, हे त्यांचं काम. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला परीक्षकाशी भांडल्यामुळे पदवी राहिली होती, पण वाचन असं की रंगखात्याचे मास्तर त्यांना घाबरून असत. विलायतेहून वेताच्या टोपलीत बसवलेले अॅसिडचे मोठे काचेचे बुधले यायचे. त्यातलं एक अॅसिड, लॅक्टिक नावाचं, म्हणजे दुसरं तिसरं काही नसून दह्याचा आंबटपणा आहे, हे आतोबांना माहीत होतं, आणि दह्याचा आंबटपणा बोटीने मागवणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं काय मत होतं ते मी इथे लिहू शकत नाही. त्यात एक दिवस ठाकूरद्वारला श्रीखंडवाल्याकडे गेले असताना त्यांनी पाहिलं की चक्का टांगलेल्या फडक्यांतून गळलेलं पाणी, बादल्याच्या बादल्या, गटारात ओततायत. आतोबांनी भर दुकानात त्या श्रीखंडवाल्याला असं काही झापलं की गिऱ्हाइकं आम्रखंड तिथेच ठेवून बाहेर आली. ‘दुधातली निम्मी साखर या पाण्यात आहे. तुम्ही मुंबईच्या गटारांना श्रीखंड खायला घालताय, शेजारच्या माणसाला घाला की.’ श्रीखंडवाला शांत वृत्तीचा होता. म्हणाला, ‘तुम्हाला हवं तर घेऊन जा पाणी, मागची शेड पण रिकामी आहे. पण दुकानात ओरडू नका.’ या एका भांडणातून आतोबांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मिळालं.

जंतू म्हणजे रोग, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. चाळीच्या गणपतीत एका वर्षी आरोग्यावर भाषण ठेवलं होतं. डॉक्टर चांगले होते, जंतूंपासून सावध राहा म्हणाले, हात धुवा म्हणाले. आतोबा उठून उभे राहिले. ‘आज दुपारी दही-भात खाल्लात ना डॉक्टर? ते दही कोणी केलं?’ डॉक्टर म्हणाले, ‘आमच्या आईने.’ ‘आईने झाकण ठेवलं,’ आतोबा म्हणाले, ‘दही माझ्या मंडळींनी केलं.’ जंतूंना ते मंडळी म्हणायचे. मंडळी जेवली, मंडळी आज सुस्त आहेत, मंडळींना वारा लागला. आत्याच्या तोंडावर ‘तुझं जेवण झालं का’ असं त्यांनी विचारलेलं मला आठवत नाही, पण शेडमधून घरी आले की हातपाय धुताना स्वतःशीच म्हणायचे, ‘मंडळींचं नीट झालं आज.’ आत्या आतून ऐकायची आणि भाकरी जरा जोरात थापायची.

त्यांची सगळी युक्ती एका रागातून निघाली होती. हे जंतू साखर खातात आणि अॅसिड करतात, पण अॅसिड वाढत गेलं की त्यातच गुदमरून त्यांचं काम थांबतं. सगळं जग यावर चुना घालायचं, मग चुन्यातून अॅसिड सोडवायला आणखी जहाल अॅसिड ओतायचं, आणि शेवटी हा एवढा चिखल उरायचा. आतोबा म्हणायचे, ‘कामाने कोणी मरत नाही गं. ज्याला त्याच्याच घाणीत बसवून काम करायला लावतात तो मरतो. या खिडकीतून खाली बघ, म्हणजे कळेल.’ खाली आमच्या चाळीची मोरी होती, पन्नास बिऱ्हाडांची. तर आतोबांनी मंडळींना राहायला पेटी केली. लाकडाची लांबट पेटी, आत उभ्या चौकटी, आणि दर दोन चौकटींच्या मध्ये ताणून बसवलेला पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला चक्क्याचं पाणी आणि मंडळी, दुसऱ्या बाजूने उकळून गार केलेलं स्वच्छ पाणी सावकाश वाहतं. अॅसिड पडद्यातून झिरपून पाण्यात जातं. मंडळी आकाराने मोठी, ती आत राहतात आणि जेवत राहतात. पेटीभोवती पत्र्याचं कडं करून त्यात ऊन पाणी, आणि खाली कंदील, कारण मंडळींना आपल्या अंगापेक्षा जरा जास्त ऊब लागते. नळाचं पाणी चालत नसे, त्यातल्या औषधाने मंडळी आजारी पडायची. म्हणून सकाळी नळ यायचा तेव्हा पाणी भरायचं, शेगडीवर उकळायचं, पिंपात साठवायचं. त्या पिंपातलं पेलाभर पाणी आत्याने एकदा तहान लागली म्हणून प्यायलं तर चार दिवस धुसफूस चालली होती.

पडद्यासाठी माणसाने काय काय केलं ते सांगायला हवं. सुरुवातीला भायखळ्याच्या खाटकाकडून बकऱ्याच्या मूत्राशयाच्या पिशव्या आणल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, श्रावणी सोमवारी. आमचं घर मासे खाणारं, पण श्रावणात आत्या लसणालाही हात लावत नसे. तिने पुडकं उघडलं, तसंच बंद केलं, आणि गॅलरीत नेऊन ठेवून वर उपडं घमेलं घातलं. ‘श्रावण तुझा आहे, मंडळींचा नाही,’ असं आतोबा म्हणाले त्या दिवशी दोघांनीही उपास वेगवेगळ्या खोल्यांत सोडला, म्हणजे एकाने खोलीत आणि एकाने त्या अर्ध्या खोलीत. पुढे सेलोफेन सापडलं. मग लग्नामुंजीत आहेराच्या टोपल्यांवर गुंडाळलेला चकचकीत कागद आतोबा टोपली देणाऱ्याच्या देखत सोडवून घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे, आणि वर म्हणायचे, ‘आत सुरकुती पाडलीत.’ सेलोफेनवरही राग होताच. अॅसिडाबरोबर दुधातली साखरही त्यातून पळायची. ‘याला अक्कल नाही, समोर येईल त्याला दार उघडतं.’ यावर उपाय त्यांनीच काढला. मंडळींना थोडं उपाशी ठेवायचं, चक्क्याचं पाणी एकदम न घालता थेंबाथेंबाने सोडायचं, म्हणजे साखर पळायच्या आत खाल्ली जाते. त्यासाठी माणूस सतत पेटीपाशी हवा, एक नजर या तोटीवर आणि एक त्या तोटीवर.

पहिलं बऱ्यापैकी अॅसिड निघालं ते त्यांनी आटवून एका बाटलीत घरी आणलं आणि फडताळात ठेवलं. नेमके त्या दिवशी पाहुणे आले आणि घरात आमसुलं संपली होती. आत्याने बाटलीला बोट लावून चव पाहिली आणि सोलकढीत घातलं. पाहुण्यांनी दोन दोन वाट्या मागून घेतली. आतोबा आले, बाटली पाहिली, आणि आम्हाला वाटलं आता पाहुण्यांचं काही खरं नाही. पण ते आत्याला एवढंच विचारत राहिले, ‘किती चमचे घातलंस?’ ती म्हणे, ‘अंदाजान.’ ‘अंदाज म्हणजे किती?’ तिने घातलं याचा राग नव्हता, मोजलं नाही याचा होता. पाहुणे गेल्यावर त्यांनी उरलेली सोलकढी पेल्यात घेऊन उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

एवढ्यात रंगखात्यातली नोकरी गेली. मास्तरांनी विलायती अॅसिडाच्या बुधल्यांत पाणी मिसळलेलं असूनही ठीक असा शेरा मारायला सांगितला, आणि आतोबांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘पाणी’ असं लिहिलं. खोटं त्यांना बोलता येत नसे. तत्त्व वगैरे नव्हे, येतच नसे. काहींना पोहायला येत नाही तसं. आता घर माझ्या पगारावर चालू लागलं, आणि हे त्यांना इतकं लागलं की जेवताना ते माझ्याकडे बघेनासे झाले. तेव्हा मीच पुढाकार घेतला. गिरगावातल्या ज्या शाळेत मी शिकवायचे तिच्या कमिटीचे अध्यक्ष एक शेठ होते, त्यांचा औषधं आणि रसायनं करण्याचा कारखाना होता. त्यांना मी आतोबांनी पेटीची सगळी रीत लिहून काढलेला कागद नेऊन दिला. शेठने आपल्या केमिस्टला दाखवला, आणि निरोप आला: पेटी तीन दिवस न थांबता चालवून दाखवा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आमचा माणूस चालू पेटी पाहील. चालली तर कारखान्यात जागा आणि नोकरी. आतोबांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं. दुसरी नोकरी त्यांना कोण देणार होतं?

हे दिवस आंदोलनाचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे मी झोपेतही म्हणत असेन. सभा, मोर्चे, हरताळ, रोज काहीतरी. आतोबा दोन्ही बाजूंवर रागावलेले. सरकारवर तर होतेच, पण आमच्या पुढाऱ्यांवरही, कारण सभा वेळेवर सुरू होत नसत. ‘राज्य मिळेल तेव्हा मिळेल, मंडळींना आत्ता भूक लागलीय,’ म्हणायचे. आमच्या शाळेत कमिटीची नोटीस फिरली होती: मोर्चात दिसेल त्या शिक्षकाला कामावरून कमी केलं जाईल. खाली अध्यक्ष म्हणून शेठची सही. वाचल्याची सही सगळ्यांनी करायची होती. मी ठसठशीत केली, आणि त्याच आठवड्यात मोर्चाला गेले.

तो पेटीचा तिसरा दिवस होता. तीन दिवस आम्ही पाळीपाळीने बसत होतो, आतोबा, मी, आणि मध्ये दोन तास आत्यासुद्धा, मणी मोजल्यासारखे थेंब मोजत. त्या दिवशी हरताळ, श्रीखंडवाल्याचं दुकान बंद, सकाळी नळही जेमतेम आला. दोन पिंपं संपली होती, शेवटचं भरलेलं होतं, पाच वाजेपर्यंत पुरेल इतकं. बाराला माझी पाळी संपली. आतोबा डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, पण मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे ते कोणावरच ओरडत नव्हते. मी म्हटलं, ‘आतोबा, मी जरा जाऊन येते.’ कुठे ते त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ‘चारला ये. शेवटच्या तासाला मला दोन माणसं लागतील.’

चारला नाही, मी तीनलाच आले. आमचा बायकांचा जथा पुढच्या नाक्यावर पोचेपर्यंत अश्रुधुराची नळकांडी पडायला लागली. ज्याने तो धूर खाल्ला नाही त्याला सांगून कळणार नाही. डोळ्यांत तिखट कोंबल्यासारखं होतं, श्वास आत जात नाही, कुठे पळतोय दिसत नाही. सगळी दारं बंद. पंचवीसएक बायका, दोघींच्या कडेवर मुलं, एक साठीची म्हातारी, आणि सगळ्या माझा पदर धरून, कारण इथल्या गल्ल्या मला माहीत. मी काय विचार केला? काहीच नाही. पाय सवयीने वळले आणि मी ती सगळी वरात श्रीखंडवाल्याच्या मागच्या अंगणात घेऊन आले.

आतोबा शेडच्या दारात आले. त्यांनी आम्हाला पाहिलं. एक बाई ‘पाणी, पाणी’ करत होती, मूल आकांत करत होतं. अंगणातल्या नळाला पाणी नव्हतं. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘तुला चारला ये म्हटलं होतं.’ मग आत गेले आणि पिंप लोटत दारात घेऊन आले. मी म्हटलं, ‘आतोबा, नको, मी कुठूनतरी...’ ‘कुठून?’ ते गुरकावले. ‘तोंड पुढे करा एकेकीने. चोळू नका. अहो बाई, चोळू नका म्हटलं ना, कळत नाही? वरून पाणी सोडतोय, पापणी उघडी ठेवा.’ ओरडत होते आणि पाणी घालत होते. ज्या पाण्यातल्या एका पेल्यासाठी ते बायकोवर चार दिवस धुसफुसले होते, ते तांब्यातांब्याने ओतत होते. पहिल्यांदा मुलं, मग आया, मग बाकीच्या. शेवटी मी. पिंप संपलं तरी म्हातारी राहिलीच होती, ती मागे भिंतीला टेकून बसली होती आणि कुणाला काही म्हणत नव्हती. आतोबांनी शेडमध्ये जाऊन पेटीभोवतीच्या कड्याचं बूच काढलं आणि मंडळींच्या उबेचं पाणी बादलीत घेतलं. निवू दिलं, हाताने पाहिलं, आणि मग तिच्या डोळ्यांवर घातलं. तिने विचारलं, ‘हे कसलं हो पाणी, ऊन ऊन?’ म्हणाले, ‘बसा गप.’

साडेचारपर्यंत बायका निघून गेल्या. पाचला केमिस्ट आला, राहायला गिरगावातच होता म्हणून हरताळ असूनही चालत आला. इस्त्रीचा बुशशर्ट, हातात वही. पेटी गार, तोट्या कोरड्या, अंगणभर चिखल. ‘काय झालं?’ त्याने विचारलं. आतोबा म्हणाले, ‘पाणी संपलं.’ ‘कधी?’ ‘तीनला.’ ‘पुरेसं भरलं नव्हतं का?’ आतोबांनी रिकामं पिंप उचलून भिंतीला लावलं. तो वहीत लिहू लागला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, ‘पूर्वतयारी अपुरी.’ माझ्या अंगाची लाही लाही झाली. आतोबांनी तीन दिवस थेंब मोजले होते. मी तोंड उघडलं, ‘अहो, तुम्हाला माहीत तरी आहे का...’ आणि आतोबा माझ्यावर असे ओरडले, परक्या माणसासमोर, की माझं वाक्य तिथेच तुटलं. ‘तू घरी जा. आत्ताच्या आत्ता. तुझं इथे काम नाही.’ केमिस्टने माझ्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. आतोबा त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘घरची पोरगी आहे. प्रयोग फसला म्हणून रडतेय.’ मी ठाकूरद्वारहून लालबागपर्यंत चालत गेले आणि पूर्ण रस्ताभर त्या माणसाला शिव्या दिल्या. दोघांनाही दिल्या.

शेठकडून नकार आला. श्रीखंडवाल्याला पुढे शेड हवी झाली. पेटी पोटमाळ्यावर गेली, आतोबा एका सोडावॉटरच्या कारखान्यात बाटल्या तपासायला लागले आणि तिथल्या मालकावर रागावू लागले. मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? माणसांना पाणी दिलं, एवढंच सांगायचं होतं. पण नाही, ह्यांचा ताठा. समजून घ्यायचं तर घ्या, मी सांगणार नाही. असल्या ताठ्याने मंडळी मेली, घर बुडालं, असं मी आत्याला सुनवायचे. ती तांदूळ निवडत राहायची. पुढे राज्य झालं, रस्त्यावर दिवे लागले, चाळीत साखर वाटली, आणि आतोबा साखर वाटणारा हात धुऊन आलाय का, हे बघत उभे होते. माझा राग मात्र तसाच राहिला. दरवर्षी त्या दिवशी तो वर यायचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला त्याच शाळेत मुख्याध्यापिका केलं. कमिटीच्या सभेत शेठनीच नाव सुचवलं. तोवर मी वेगळं बिऱ्हाड केलं होतं, पेढे घेऊन लालबागला गेले. आतोबा खूप थकले होते, कानाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे आता सगळ्यांवर एकदमच रागवायचे. आत्या भाजीला गेली होती. मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि का कोण जाणे, इतक्या वर्षांचं तोंडून बाहेर पडलं. ‘ज्या माणसाने तुम्हाला नकार दिला त्याच्या हातून मला हे घ्यावं लागतंय. त्या दिवशी एक वाक्य बोलला असतात तर तुम्ही आज कुठच्या कुठे असता.’

‘बोललो असतो,’ आतोबा म्हणाले. ‘मग त्याने विचारलं असतं, कुणाला दिलं पाणी. मोर्चातल्या बायकांना. त्या इथे कशा आल्या. कुणी आणल्या.’ त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडला. ‘तो शेठचा माणूस. आणि मला खोटं बोलता येत नाही. एक बोललो, पोरगी प्रयोगासाठी रडतेय म्हणून, त्याने अजून छातीत धडधडतं. दुसरं जमलं नसतं.’

ती नोटीस मी वाचली होती, खाली सही केली होती, आणि इतक्या वर्षांत ती मला एकदाही आठवली नव्हती. मला फक्त राग आठवत होता. मी म्हटलं, ‘मग निदान मला तरी सांगायचंत. दोन महिने मी तुमच्याशी अबोला धरला होता.’

‘सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू राजीनामा नेऊन शेठच्या टेबलावर आपटला असतास,’ ते वैतागून म्हणाले. ‘ठाऊक नाहीस का तू मला? घरात मिळवती एकटी तू. पाणी गेलं ते गेलं, वर तुझी नोकरीही घालवू? काहीतरीच बोलतेस.’ आणि मग, पेढा फार गोड झालाय, हल्ली खवा भाजत नाहीत, असं त्या पेढेवाल्याबद्दल बराच वेळ बोलत राहिले.

त्यानंतर चार वर्षं आतोबा होते. या चार वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही भांडले नाही. ते काहीही बोलोत, मी हो म्हणायचे, आणि त्यामुळे ते माझ्यावर फार नाराज असत. आत्या मला जिन्यात गाठून म्हणायची, ‘बाय माझे, असा हो हो करू नको गो. ह्यांच्या वांगडा भांडाक कोणतरी व्हया.’ मी प्रयत्न करायचे, आज भांडायचंच असं ठरवून जिना चढायचे, पण समोर बसलं की राग कुठे जायचा कळत नसे. आता मात्र येतो. भाच्याचा मुलगा हसला त्या रात्री तर इतका आला की वाटलं, असंच उठावं, लालबागला जावं, आणि माझ्या नोकरीपायी पेटीबद्दल जन्मभर गप्प बसलात म्हणून आतोबांना चांगलं फैलावर घ्यावं.